व्हर्जिनियात आमदार निवडताना बंदुकीचा प्रश्न कसा वाचावा

माझ्या मामांकडे सावंतवाडी तालुक्यात ठासणीची बंदूक होती. रानडुकरं भातात शिरायची, म्हणून शेतीसंरक्षणाचा परवाना. निवडणूक जाहीर झाली की ठाण्यातून निरोप यायचा. मग मामा बंदूक जुन्या धोतरात गुंडाळून कुणाच्या तरी एम-८०वर मागे बसायचे आणि ती जमा करून यायचे. पावती पंचांगात. आचारसंहिता उठली की पुन्हा एम-८०, पुन्हा धोतर, बंदूक घरी. निवडणुकीच्या दिवसांत बंदूक कुलपात असते, एवढंच मला निवडणूक आणि बंदूक यांच्या नात्याबद्दल ठाऊक होतं.

व्हर्जिनियात मी नागरिक झाले २०१८ साली. पुढच्या ऑक्टोबरात पोस्टाच्या पेटीत चकचकीत पत्रकं पडायला लागली. एकावर रिकामा वर्ग आणि एआर-१५ रायफल, दुसऱ्यावर हरणाच्या शिकारीला निघालेले बापलेक. दोन्हींच्या तळाशी एकाच जागेच्या दोन उमेदवारांची नावं. आमदारकीच्या निवडणुकीत रस्ते, शाळा, कर हे सगळं असेल असं धरून चालले होते. पण त्या वर्षी प्रचाराचा सगळ्यात मोठा मुद्दा बंदूक होता.

लाउडन, फेअरफॅक्स, हेन्रायको या भागांत आपली बरीच कुटुंबं आहेत, आणि दरवर्षी काही जण नव्यानं मतदार होतात. हा लेख त्यांच्यासाठी. मत कुणाला द्यायचं ते मी सांगणार नाही. माझं मत मात्र लपवणारही नाही: बंदूक विकण्याआधी घेणाऱ्याची तपासणी आणि घरात कुलूप या दोन गोष्टींना माझा पाठिंबा आहे. ते ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

पहिली पायरी: स्वतःचा कागद बघा

मत फक्त नागरिकाला. ग्रीन कार्डवर असताना मतदार नोंदणीच्या फॉर्मवर चुकूनही सही करू नका. डीएमव्हीत लायसन्सचं काम करताना तो प्रश्न समोर येतो आणि घाईत 'हो' दाबलं जातं. त्यातून देश सोडावा लागण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

ग्रीन कार्डवाल्यांना उमेदवाराला देणगी देता येते. एच-१बीवर असाल तर एक डॉलरही देता येत नाही. हा केंद्राचा कायदा आहे आणि तो राज्याच्या निवडणुकीलाही लागू आहे. बिनपगारी कार्यकर्ता म्हणून काम करायला मात्र हरकत नाही. त्यामुळे 'आपल्याला काय करायचंय, आपण व्हिसावर' असं म्हणून घरी बसायचं कारण नाही.

जाता जाता, हेही याच पायरीवर: एच-१बीवर असताना बंदूक बाळगायला केंद्राच्या कायद्यानं बंदी आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. शूटिंग रेंजवर मित्रांबरोबर 'गंमत म्हणून' जाण्याआधी वकिलाला विचारा.

दुसरी पायरी: कोण काय ठरवतं ते वेगळं करा

आपल्याकडे शस्त्र कायदा एकच, १९५९चा, सगळ्या देशाला. इथे कायद्याचे थर आहेत. सगळ्यात वर १७९१ची दुसरी घटनादुरुस्ती, शस्त्र बाळगण्याच्या हक्काची. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचे २००८ आणि २०२२चे दोन मोठे निकाल: पहिल्यानं घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा व्यक्तीचा हक्क ठरवला, दुसऱ्यानं तो हक्क घराबाहेरही नेला. त्याखाली केंद्राचे कायदे. परवानाधारक दुकानातून बंदूक घेताना होणारी बॅकग्राउंड चेक, म्हणजे घेणाऱ्याच्या पूर्वेतिहासाची तपासणी, त्यातली.

मधला मोठा पट्टा राज्यांकडे आहे. दुकानाबाहेर, एकानं दुसऱ्याला परस्पर विकलेल्या बंदुकीसाठी तपासणी लागेल का? महिन्यात किती पिस्तुलं घेता येतील? मूल असलेल्या घरात भरलेली बंदूक उघडी ठेवली तर काय? धोकादायक माणसाकडून ती तात्पुरती काढून घेता येईल का? हे राज्याच्या राजधानीत, रिचमंडमध्ये ठरतं. उघड्यावर पिस्तूल लावून फिरायला व्हर्जिनियात सहसा परवाना लागत नाही, कपड्याखाली लपवायचं असेल तर लागतो. नव्या माणसाला हे उलटं वाटतं. मलाही वाटलं होतं.

काउंटीकडे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या घटकाकडे, राज्य देईल तेवढाच अधिकार. त्यामुळे तुमच्या बागेत बंदूक आणता येईल का, हे ठरवण्याची मुभा काउंटीला मिळावी की नाही, यावरसुद्धा आधी आमदारच मत देतात.

तिसरी पायरी: २०१९ची गोष्ट एकदा नीट ऐका

राज्याचं राजकारण कळायला यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही, म्हणून इथे जरा थांबते.

व्हर्जिनियाच्या विधिमंडळाची दोन सभागृहं. हाउस ऑफ डेलिगेट्समध्ये १०० जागा, मुदत दोन वर्षं. सिनेटमध्ये ४० जागा, मुदत चार वर्षं. निवडणुका विषम वर्षी, म्हणजे राष्ट्राध्यक्षाचं नाव मतपत्रिकेवर नसताना. त्यामुळे मतदान कमी आणि ज्याला मुद्दा मनापासून लागतो तो नक्की बाहेर पडतो. बंदुकीच्या दोन्ही बाजूंना असे लोक भरपूर.

जखम जुनी होती. १६ एप्रिल २००७ला ब्लॅक्सबर्गच्या व्हर्जिनिया टेकमध्ये ३२ जणांचा जीव गेला. त्यात मुंबईहून वास्तुकला शिकायला गेलेली एक विद्यार्थिनी होती आणि भारतातून गेलेले एक प्राध्यापकही. मारेकऱ्यानं पिस्तुलं दुकानातून, तपासणी होऊनच घेतली होती. न्यायालयानं त्याला मानसिक उपचार घ्यायला सांगितलं होतं, पण ती नोंद तपासणीच्या यंत्रणेत पोचलीच नव्हती. नंतर नोंदींची ती फट बुजवली गेली. परस्पर विक्रीवर तपासणीचं विधेयक मात्र वर्षानुवर्षं समितीत पडत राहिलं.

मग ३१ मे २०१९, व्हर्जिनिया बीच. महापालिकेच्या इमारतीत १२ जण मारले गेले. डेमोक्रॅट राज्यपाल राल्फ नॉर्दम यांनी ९ जुलैला खास अधिवेशन बोलावलं. तेव्हा दोन्ही सभागृहांत रिपब्लिकनांचं बहुमत होतं, पण अगदी निसटतं. त्यांनी सुमारे दीड तासात कामकाज गुंडाळलं, विधेयकं गुन्हेविषयक आयोगाकडे पाठवली आणि पुढची तारीख दिली १८ नोव्हेंबर. मतदान ५ नोव्हेंबरला होतं. हिशेब शाळकरी पोरालाही कळला असता.

त्याच सुमारास आणखी एक छोटी गोष्ट घडली, तिच्याकडे फार कुणी पाहत नाही. सिनेटमधले रिपब्लिकन नेते टॉमी नॉर्मंट यांनी स्वतःच सरकारी इमारतींत बंदूकबंदीचं विधेयक दाखल केलं होतं. त्यावरून त्यांच्याच पक्षाच्या प्रतोदांनी पद सोडलं आणि नॉर्मंटना विधेयक मागे घ्यावं लागलं. पक्षाच्या आत किती ताण असतो ते यातून दिसतं. उमेदवार 'मी मध्यममार्गी आहे' म्हणाला की मला हे आठवतं. तो असेलही, पण पक्ष त्याला तसं राहू देईल का?

प्रचारात पैसा ओतला गेला. बंदूकहक्कांची बाजू लढवणारी नॅशनल रायफल असोसिएशन म्हणजे एनआरए. तिचं मुख्यालय फेअरफॅक्समध्येच, आपल्या किराणा दुकानांपासून हाकेच्या अंतरावर. तरी त्या वर्षी बंदूक-नियंत्रणाच्या बाजूच्या एव्हरीटाउन संस्थेनं सुमारे २५ लाख डॉलर लावले आणि एनआरएला तिच्याच अंगणात कितीतरी मागे टाकलं. निकाल: हाउसमध्ये डेमोक्रॅट ५५-४५, सिनेटमध्ये २१-१९. हैदराबादेत जन्मलेल्या गझाला हाश्मी रिचमंडच्या उपनगरांतून सिनेटवर गेल्या, सुहास सुब्रमण्यम लाउडन भागातून हाउसमध्ये.

आता दुसऱ्या बाजूचं. निकालानंतरच्या काही आठवड्यांत ग्रामीण व्हर्जिनियातल्या काउंट्यांनी आपण 'दुसऱ्या घटनादुरुस्तीचं अभयस्थान' असल्याचे, म्हणजे बंदुकीच्या नव्या कायद्यांना विरोधाचे, ठराव करायला सुरुवात केली, आणि ९५ काउंट्यांपैकी बहुतेकांनी या ना त्या रूपात तसा ठराव केला. त्यांना कायदेशीर वजन नाही असं राज्याच्या ॲटर्नी जनरलनी सांगितलं, पण बैठकांना शाळांच्या जिममध्ये उभं राहायला जागा नव्हती. २० जानेवारी २०२० रोजी रिचमंडमध्ये सुमारे २२,००० लोक जमले, कित्येकांच्या खांद्याला रायफली. राज्यपालांनी आणीबाणी जाहीर करून कॅपिटलच्या, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीच्या, आवारात शस्त्रबंदी केली होती. सगळ्यांना धास्ती होती. दिवस शांततेत गेला, अटक एकच झाली, तीही तोंड झाकल्याबद्दल एका बाईला.

आणि मग कायदे. विक्रीआधी सगळ्यांची तपासणी. ३० दिवसांत एकच पिस्तूल. बंदूक हरवली वा चोरीला गेली तर ४८ तासांत कळवणं. मुलांच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक ठेवल्यास जास्त शिक्षा. रेड फ्लॅग, म्हणजे धोकादायक माणसाकडून बंदूक तात्पुरती काढून घेण्याची सोय. काउंट्यांना बागा-इमारतींत बंदीची मुभा. सगळं १ जुलै २०२०पासून.

पण ज्या गोष्टीवर सगळ्यात जास्त पत्रकं छापली गेली होती, ती एआर-१५सारख्या रायफलींवरची बंदी, ती मात्र झाली नाही. हाउसनं विधेयक मंजूर केलं. सिनेटच्या न्यायविषयक समितीत ते १० विरुद्ध ५ मतांनी पुढच्या वर्षावर ढकललं गेलं, आणि त्या १० जणांत चार डेमोक्रॅट होते. मुद्दा पत्रकांवर लढवला गेला, आणि निकालात निघाला एका खोलीत, पंधरा जणांच्या टेबलावर. माझ्या मते या निवडणुकांबद्दल नव्या मतदारानं पहिल्यांदा शिकायचं ते हे. म्हणूनच पुढच्या पायऱ्या भाषणांबद्दल नाहीत.

चौथी पायरी: पत्रकातले शब्द सोलून बघा

'असॉल्ट वेपन' हा शब्द दोन बाजू दोन अर्थांनी वापरतात, आणि अर्धी भांडणं तिथंच होतात. एकदा घोडा दाबला की सतत गोळ्या सुटतात ती यंत्रबंदूक. तिच्यावर १९३४पासून कडक निर्बंध आहेत आणि १९८६नंतर बनलेली सामान्य माणसाला घेता येत नाही. एआर-१५ सेमी-ऑटोमॅटिक आहे, दर गोळीला घोडा दाबावा लागतो. वादाच्या कायद्यांत 'असॉल्ट वेपन' म्हणजे नेमकं काय, हे यादी किंवा वैशिष्ट्यं देऊन ठरवतात: काढता येणारं मॅगझिन, पकडीची मूठ वगैरे. म्हणून उमेदवार 'मी बंदीच्या बाजूचा' म्हणाला तर विचारा: विक्रीवर बंदी, की घरात आहे तीही द्यावी लागणार? २०२०च्या त्या विधेयकात याच प्रश्नावर कितीदा तरी खाडाखोड झाली.

'रेड फ्लॅग'बद्दल आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटांत अफवा फार. शेजाऱ्यानं फोन केला की पोलीस बंदूक उचलून नेतात, असं कुणीतरी पाठवतंच. व्हर्जिनियाच्या कायद्यात अर्ज करायचा अधिकार पोलीस आणि सरकारी वकिलाला आहे, शेजाऱ्याला नाही. तातडीचा आदेश १४ दिवसांपर्यंत टिकतो, पुढे सर्किट कोर्टात सुनावणी होऊन तो १८० दिवसांपर्यंत देता येतो. हे पुरेसं आहे की जाचक, ते तुम्ही ठरवा. निदान खरं काय ते धरून ठरवा.

'गन सेफ्टी' म्हणणारा बहुधा नियंत्रणाच्या बाजूचा, 'गन राइट्स' म्हणणारा विरोधातला. 'कॉमन सेन्स' हे दोघंही म्हणतात. तो शब्द वगळून वाक्य पुन्हा वाचावं. बऱ्याचदा काहीच उरत नाही.

पाचवी पायरी: प्रगतिपुस्तक बघा, पण खालच्या टिपेसकट

एनआरए उमेदवारांना ए ते एफ अशा श्रेणी देते. गंमत अशी की २०१९ला आमच्या भागात एफ मिळालेला उमेदवार तीच श्रेणी पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापून मिरवत होता. नुसत्या ए-एफपेक्षा 'एक्यू' दिसली तर थांबा: या माणसाची मतदानाची नोंदच नाही, फक्त प्रश्नावलीची उत्तरं पाहून श्रेणी दिली आहे. प्रश्नचिन्ह म्हणजे प्रश्नावली भरलीच नाही. पलीकडे, नियंत्रणाच्या बाजूनं, मॉम्स डिमांड ॲक्शन या संघटनेवाले 'गन सेन्स' असा शिक्का देतात, तोही प्रश्नावलीवर बराच अवलंबून.

प्रश्नावलीत कुणीही शूर असतो. आधी निवडून आलेला उमेदवार असेल तर विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रत्येक विधेयक क्रमांकानं सापडतं, कुणी काय मत दिलं ते समितीतल्या मतदानासकट. माझी पद्धत सांगते. तीन विधेयकं घेते: एक मोठं, ज्यावर पक्ष सांगेल तसंच सगळे वागतात; एक समितीत मेलेलं; आणि एक दोन्ही पक्षांनी मिळून केलेलं. तिसऱ्या प्रकाराचं उदाहरण म्हणजे २०२३चा गन सेफवरचा कर-सवलतीचा कायदा, तिजोरी किंवा तत्सम साधन घेतलं तर ३०० डॉलरपर्यंत सूट. त्याच जानेवारीत न्यूपोर्ट न्यूजच्या शाळेत सहा वर्षांच्या मुलानं घरातली पिस्तूल आणून बाईंवर गोळी झाडली होती. बाई वाचल्या. सक्तीच्या कुलपावर एकमत झालं नाही, कुलूप घेणाऱ्याला पैसे परत देण्यावर झालं. आमदार माणूस म्हणून कसा आहे, ते मला अशा कायद्यांवरच्या मतांतून जास्त कळतं.

देणग्या पाहायच्या तर व्हर्जिनिया पब्लिक ॲक्सेस प्रोजेक्ट ही कुठल्याच पक्षाची नसलेली संस्था सगळे आकडे मांडून ठेवते. लक्षात घ्या, या राज्यात उमेदवाराला किती देणगी द्यावी यावर मर्यादाच नाही. मोठा आकडा दिसला की भ्रष्टाचार दिसलाच असं नाही, पण कुणाचा फोन आमदार पहिल्या रिंगला उचलेल याचा अंदाज येतो.

सहावी पायरी: जागा मोजा, सही कुणाची ते बघा

महिन्याला एकच पिस्तूल हा नियम घ्या. इथल्या बंदुका आय-९५ महामार्गानं न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर पोचायच्या, म्हणून १९९३ साली तो आला. २०१२ साली रद्द झाला. २०२०मध्ये परत आला. शेवटच्या दोन्ही वेळा फरक होता सभागृहात कोण बसलंय एवढाच.

२०२१ला हाउस रिपब्लिकनांकडे गेलं आणि ग्लेन यंगकिन राज्यपाल झाले. २०२३ला हाउस डेमोक्रॅटांकडे ५१-४९नं परतलं, सिनेट २१-१९. बहुमत मिळालं, बंदुकीची विधेयकं धडाधड मंजूर झाली, आणि मार्च २०२४मध्ये यंगकिन यांनी एकाच दिवशी ३० विधेयकांवर नकाराधिकार वापरला. तो ओलांडायला दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश लागतात, ते कुठून आणणार? नोव्हेंबर २०२५ला राज्यपालपद डेमोक्रॅट अबिगेल स्पॅनबर्गर यांच्याकडे गेलं, हाउसमध्ये पक्षाच्या ६४ जागा झाल्या, आणि गझाला हाश्मी उपराज्यपाल झाल्या. म्हणजे कोंडी फुटली, पण ६४ हे दोनतृतीयांश नव्हेत, हेही लक्षात असू द्या.

एका मतानं काय होतं, असं विचारणारे आपल्यात पुष्कळ. त्यांना न्यूपोर्ट न्यूजची २०१७ची गोष्ट सांगावी. फेरमोजणीत शेली सायमंड्स एका मतानं पुढे होत्या. मग एक मतपत्रिका न्यायाधीशांपुढे गेली. तिच्यावर दोन्ही नावांपुढचे गोल भरलेले, आणि एकावर तिरकी रेघ. न्यायाधीशांनी ते मत डेव्हिड यान्सींना दिलं. दोघांना ११,६०८-११,६०८. ४ जानेवारी २०१८ला नावाच्या चिठ्ठ्या फिल्मच्या डब्यांत घालून, ते डबे कलासंग्रहालयातून आणलेल्या चिनीमातीच्या वाडग्यात ठेवून, एक काढला. यान्सी. हाउस ५१-४९नं रिपब्लिकनांकडे राहिलं, आणि बंदुकीची विधेयकं आणखी दोन वर्षं समितीतच राहिली. त्या रेघेच्या धन्याला, किंवा धनीणीला, आपण काय केलं ते कळलं असेल का कोण जाणे.

सातवी पायरी: प्रायमरी चुकवू नका

प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान. आपले लोक नोव्हेंबरला जातात आणि जूनला जात नाहीत. फेअरफॅक्ससारख्या ठिकाणी नोव्हेंबरचा निकाल आधीच ठरलेला असतो, खरी निवड जूनमध्ये. व्हर्जिनियात मतदार पक्षाचा सदस्य म्हणून नोंदवत नाहीत. त्यामुळे प्रायमरीला जाऊन 'अमुक पक्षाची मतपत्रिका द्या' म्हणायचं, बस. दोन्ही पक्षांच्या एकाच दिवशी असतील तर एकच निवडायची.

समितीतले ते चार डेमोक्रॅट आठवतात? त्यांतले एक फेअरफॅक्सचे चॅप पीटरसन. वर्षानुवर्षांचे सिनेटर, ओळखी दांडग्या. २०२३च्या प्रायमरीत बांगलादेशात जन्मलेल्या सद्दाम सलीम यांनी त्यांच्यापुढे २०२०चं ते मत काढून ठेवलं. पीटरसन हरले. दुसरे, क्रीघ डीड्स, शार्लट्सव्हिलच्या बाजूला आपली प्रायमरी टिकवून राहिले. म्हणजे एका मतानं माणूस पडतोच असा नियम नाही. पण पडला तो जूनमध्ये, आणि तेही मूठभर मतदारांच्या हातून.

एक व्यावहारिक बाब: मतदारसंघांच्या रेषा नव्यानं आखल्या गेल्या आणि २०२३च्या निवडणुका त्यांवर झाल्या. जुन्या लेखांतले क्रमांक आता जुळत नाहीत. आपला क्रमांक पत्ता घालून तपासा.

आठवी पायरी: दारावर जा, आणि ऐकून घ्या

मी एका ऑक्टोबरात पश्चिम लाउडनमध्ये दारं ठोठावत होते. तिकडे घरं लांब लांब, कुत्री मोकळी. एका पडवीत सत्तरीचे एक आजोबा सफरचंदं निवडत बसले होते. यादीत त्यांचं नाव 'अनिश्चित' होतं. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. ते म्हणाले, "तपासणीला माझी ना नाही. पण तपासणीची यादी होते, आणि यादी झाली की एक दिवस त्या यादीवरून न्यायला येतात." मग आत नेऊन तळघरातली लोखंडी तिजोरी दाखवली. चार रायफली, एक त्यांच्या वडिलांची. किल्ली गळ्यात, दोरीला.

मला मामांची पावती आठवली. आमच्याकडे यादी असणं कुणालाच खटकलं नाही. बंदूक जाते आणि परत येते, हा विश्वास होता. तो नसेल तर काय होतं, ते त्या पडवीत कळलं. त्यांचं मत बदललं की नाही माहीत नाही, मी ते विचारलंही नाही. पण तेव्हापासून ग्रामीण गनवाल्यांना 'वेडे' म्हणणं मी सोडलं. आपल्यातलेही काही, विशेषतः पेट्रोल पंप आणि दागिन्यांची दुकानं चालवणारे, पिस्तूल बाळगून आहेत. मंडळाच्या दिवाळीत ते फक्त बोलून दाखवत नाहीत.

उमेदवार दारावर आला तर लांबलचक भूमिका ऐकू नका. तीन प्रश्न पुरे: परस्पर विक्रीवरची तपासणी ठेवाल की काढाल? समितीत पक्षाविरुद्ध मत दिलंय का, कशावर? राज्यपालांनी नकाराधिकार वापरला तर पुढे काय कराल? तिसऱ्या प्रश्नावर जो थोडा थांबतो, त्यानं निदान विचार केलेला असतो.

इतर राज्यांत असाल तरी पायऱ्या याच. मिशिगनमध्ये २०२२ला डेमोक्रॅटांना हाउस ५६-५४, सिनेट २०-१८ असं मिळालं. फेब्रुवारी २०२३मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात तीन विद्यार्थी मारले गेले, आणि वसंत संपेपर्यंत तपासणी, कुलूप, रेड फ्लॅग या तिन्हींवर सह्या झाल्या. आपले बेळगावचे श्री ठाणेदार त्याच्या आधीची दोन वर्षं तिथल्या हाउसमध्ये होते, अल्पमतात. न्यू जर्सीवाल्यांची निवडणूक आमच्यासारखीच विषम वर्षी, पण तिथले कायदे आधीच इतके कडक की वाद वेगळ्याच टोकावर चालतो.

मतदानाचा दिवस, आणि त्यानंतरचा जानेवारी

व्हर्जिनियाच्या विधिमंडळाची पुढची निवडणूक २ नोव्हेंबर २०२७ला. हाउस आणि सिनेट दोन्ही. मतदान ४५ दिवस आधी सुरू होतं, रांग नको असेल तर सप्टेंबरातच उरका. केंद्रं सकाळी ६ ते संध्याकाळी ७. सातला रांगेत असाल तर मत देता येतं, कुणी घरी जा म्हटलं तरी हलू नका. नोंदणी राहून गेली असेल तर आता त्याच दिवशीही करता येते, तात्पुरत्या मतपत्रिकेवर. २०२१च्या कायद्यानं केंद्रापासून ४० फुटांच्या आत बंदूक आणायला बंदी आहे. कुणी आणली दिसली तर वाद घालू नका, आतल्या अधिकाऱ्याला सांगा.

मत देऊन काम संपत नाही, कारण अधिवेशन जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी सुरू होतं आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत बहुतेक विधेयकं एका सभागृहातून दुसऱ्यात गेलेली किंवा मेलेली असतात. आमदाराला मार्चमध्ये रागानं लिहिलेली ईमेल कुणाच्या उपयोगाची नाही. विधेयकाचा क्रमांक घ्या, ते कुठल्या समितीत आहे ते बघा, आणि त्या आठवड्यात फोन करा. पलीकडे बहुधा विशी-बाविशीचं पोर असतं. आपलं नाव, पिन कोड, विधेयकाचा क्रमांक, बाजूनं की विरोधात. अर्धा मिनिट. आपल्या नावाचं स्पेलिंग ते दोनदा विचारेल, शांतपणे सांगा. त्याला खरं जाणून घ्यायचं असतं ते एकच: तुम्ही त्यांच्या मतदारसंघात राहता का.